रग्बीचे दोन खेळ आणि त्यांच्यामधली भिंत ओलांडणारा विंगर

जून २०२५ मध्ये ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांनी नव्वद वर्षांच्या एका निवृत्त खेळाडूला ‘सर’ हा किताब दिला. बिली बॉस्टन हे त्यांचे नाव. कार्डिफच्या गोदी भागात जन्मलेला आणि इंग्लंडच्या उत्तरेकडील विगन या खाणकामगारांच्या गावात नाव कमावलेला हा विंगर रग्बी लीगमधला असा पहिला खेळाडू ठरला. ज्या खेळाला जन्मून १३० वर्षे झाली, त्यातल्या एकाही खेळाडूला तोवर हा मान मिळालेला नव्हता. रग्बीच्या खेळाडूंना ‘सर’ केले जात नव्हते असे मात्र नाही. वेल्सचेच गॅरेथ एडवर्ड्स २०१५ मध्ये सर झाले होते, पण ते रग्बी युनियन खेळत असत.

इथेच आपल्याकडचा वाचक अडखळतो. रग्बी म्हणजे रग्बी, मग हे लीग आणि युनियन काय प्रकरण आहे? बॉस्टन यांनी ‘कोड बदलला’ असे बातम्यांत म्हटले जाते, म्हणजे नेमके काय केले? योगायोगाने त्याच महिन्यात अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला आणि मुंबईकरांनी मोठ्या संख्येने हा खेळ पहिल्यांदा पाहिला, त्यामुळे गोंधळात भरच पडली. त्या स्पर्धेच्या नावात लीग असले, तरी तिथे खेळला गेला तो युनियनचाच सात-सात खेळाडूंचा छोटा प्रकार होता. बॉस्टन यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर आधी हे दोन खेळ वेगळे कशाने झाले आणि एका खेळातून दुसऱ्यात जाणे हा एके काळी परतीची वाट नसलेला प्रवास का होता, ते पाहावे लागेल.

एक चेंडू, दोन खेळ

दोन्ही खेळांत लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे असते, तो सहकाऱ्याकडे फक्त मागे किंवा बाजूला फेकता येतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो. धावणाऱ्याला अंगाला भिडून पाडणे म्हणजे ‘टॅकल’. इथपर्यंत दोन्ही खेळ सारखे आहेत. फरक सुरू होतो तो धावणारा पकडला गेल्यानंतर.

युनियनमध्ये प्रत्येक संघाचे पंधरा खेळाडू असतात. पाडलेल्या खेळाडूला चेंडू सोडावाच लागतो, आणि मग दोन्ही संघांचे खेळाडू त्या चेंडूवर झुंबड करून तो आपल्याकडे ओढायचा प्रयत्न करतात. चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला की दोन रांगा उभ्या राहतात आणि मधोमध फेकलेला चेंडू झेलण्यासाठी खेळाडू उंच उड्या घेतात. याला ‘लाइनआउट’ म्हणतात. लीगमध्ये तेराच खेळाडू असतात आणि लाइनआउट नसतो. पाडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागच्या सहकाऱ्याकडे सरकवतो आणि खेळ पुढे चालू होतो. चेंडूसाठी जमिनीवरची ओढाताण जवळजवळ नाहीच. आज लीगमध्ये सहा टॅकल झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे द्यावा लागतो, पण बॉस्टन यांच्या उमेदीच्या काळात अशी मर्यादा नव्हती. ती १९६६ मध्ये चार टॅकलची म्हणून आली आणि १९७२ मध्ये सहाची झाली.

आपल्या कबड्डीचे उदाहरण इथे नेमके लागू पडते. चौकोनी मैदानावरची सात जणांची कबड्डी आणि पंजाबात गावोगावी रंगणारी वर्तुळातली कबड्डी या दोन्हींत चढाई आहे आणि पकडही आहे. तरीही एकीत साखळी करून चढाईवीराला घेरता येते आणि दुसरीत त्याला एकट्याने अडवावे लागते, त्यामुळे एकीतला नावाजलेला गडी दुसरीत पहिल्याच दिवशी चमकेल याची खात्री कोणी देणार नाही. रग्बीच्या या दोन प्रकारांना ‘कोड’ म्हणतात आणि एक सोडून दुसऱ्यात जाणे म्हणजे कोड बदलणे. मात्र दोन्ही कबड्ड्या खेळणाऱ्याला आपल्याकडे कोणी जन्मभरासाठी वाळीत टाकले नाही. रग्बीत नेमके तेच झाले, आणि त्याचे मूळ मैदानावर नव्हते.

भांडण बुडालेल्या मजुरीचे होते

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तर भागात, म्हणजे यॉर्कशर आणि लँकेशरच्या गिरण्या-खाणींच्या पट्ट्यात, रग्बी हा कामगारांचा आवडता खेळ झाला होता. कामगार शनिवारीही राबत असे. सामना खेळायचा तर कामावर खाडा होई आणि त्या वेळेची मजुरी बुडे. उत्तरेतल्या क्लबांचे म्हणणे इतकेच होते, की ही बुडालेली मजुरी, दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत, खेळाडूला भरून देऊ द्यावी. खेळाचे नियमन करणाऱ्या संघटनेची सूत्रे प्रामुख्याने दक्षिणेतल्या सुखवस्तू, खासगी शाळांत शिकलेल्या वर्गाच्या हातात होती. खेळ हा केवळ खेळासाठीच खेळावा, त्याचा एक पैसाही घेऊ नये, या तत्त्वावर ती अडून राहिली. ज्याला शनिवारच्या मजुरीची फिकीर नाही, त्याला हे तत्त्व पाळणे फारसे जड जात नव्हते, ही गोष्ट त्या वादात मागेच पडली.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांची बैठक झाली, आणि वीसहून अधिक क्लबांनी वेगळी चूल मांडली. सुरुवातीला त्यांचे नियम जुनेच होते, पण खेळाडूंना मोबदला द्यायचा तर प्रेक्षक मैदानावर यायला हवेत आणि प्रेक्षक यायचे तर खेळ वेगवान हवा, म्हणून नियम बदलत गेले. १८९७ मध्ये लाइनआउट काढून टाकला. १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू झाले आणि पाडल्यानंतर उठून चेंडू पायाने मागे सरकवण्याची पद्धत आली. म्हणजे मजुरीचा वाद आधी झाला आणि वेगळा खेळ त्यातून नंतर घडला.

युनियनच्या संघटनेने याला दिलेले उत्तर फार कठोर होते. जो लीगकडून एकदा पैसे घेऊन खेळला, त्याला युनियनचे दार कायमचे बंद झाले. त्याला खेळता येत नसे, प्रशिक्षण देता येत नसे, आणि काही ठिकाणी तर आपल्याच जुन्या क्लबात पाऊल ठेवता येत नसे. ही भिंत शंभर वर्षे उभी राहिली.

विंगरला चेंडू मिळतो कधी?

विंगर म्हणजे संघाच्या रांगेत सर्वांत कडेला उभा राहणारा, बहुधा सर्वांत वेगवान खेळाडू. मधले खेळाडू प्रतिस्पर्ध्यांना आपल्याकडे ओढून घेतात, चेंडू हातोहात बाहेर सरकत येतो आणि शेवटी विंगरला मिळतो, तेव्हा त्याच्यासमोर एखादाच बचावपटू आणि कडेची रेषा यांच्यामधली अरुंद पट्टी उरलेली असते. त्या पट्टीतून वाट काढणे हे त्याचे काम.

परंतु चेंडू तिथपर्यंत पोहोचला तर हे सगळे खरे. १९५० च्या दशकातल्या युनियनमध्ये मैदानाच्या कुठल्याही भागातून चेंडू थेट कडेबाहेर लाथाडता येत असे, आणि तो जिथे बाहेर गेला तिथे लाइनआउट होई. सावध संघाला हा मार्ग फार सोयीचा होता. १९६३ मध्ये एडिंबराच्या मरीफील्ड मैदानावर वेल्सने स्कॉटलंडला ६-० असे हरवले, त्या एका सामन्यात १११ लाइनआउट झाले. त्या काळी लाइनआउटमध्ये चेंडू आत फेकण्याचे काम बहुधा विंगरच करत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दुपारचे चित्र पुरते डोळ्यांसमोर येते. संघातला सर्वांत वेगवान माणूस कडेला उभा राहून पुन्हा पुन्हा चेंडू आत फेकतो आहे आणि धावण्याची संधी त्याला क्वचितच मिळते आहे. अशा सामन्यांनी कंटाळलेल्या युनियनने १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा नियम बदलला.

लीगमध्ये ही अडचण कधीच मागे पडली होती. दोन खेळाडू कमी, मैदानाची रुंदी जवळपास तेवढीच, म्हणजे प्रत्येक बचावपटूच्या वाट्याला अधिक जमीन, आणि चेंडू सतत हातांत फिरता. विंगरला हवी असलेली मोकळी जागा तिथे नियमांनीच तयार केलेली होती. माझ्या मते बॉस्टन यांच्या कारकिर्दीची किल्ली इथे आहे. त्यांना घरापासून दूर नेणारी कारणे खेळाबाहेरची होती, पण ज्या खेळात ते जाऊन पडले, तो त्या काळी खऱ्या अर्थाने विंगरचा खेळ होता.

टेबलावरचे तीन हजार पौंड

बॉस्टन यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३४ रोजी कार्डिफ बंदराला लागून असलेल्या ब्यूटटाउन या वस्तीत झाला. ‘टायगर बे’ या नावाने ही वस्ती प्रसिद्ध होती. जगभरचे खलाशी तिथे येऊन स्थिरावले होते आणि अनेक देशांची माणसे एका गल्लीत नांदत होती. वडील सिएरा लिओनचे, आई कार्डिफचीच, आयरिश वंशाची, आणि घरात अकरा मुले. बिली रग्बी युनियन खेळू लागले, नीथ या नामांकित क्लबाकडूनही खेळले. त्यांचे स्वप्न मात्र आपल्या शहराच्या, म्हणजे कार्डिफच्या, आणि पुढे वेल्सच्या संघातून खेळण्याचे होते. कार्डिफ क्लबाने त्यांना कधी बोलावले नाही.

तेव्हा ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. बॉस्टन यॉर्कशरमधल्या कॅटरिक इथल्या छावणीत रॉयल सिग्नल्स दलात दाखल झाले आणि दलाच्या संघाकडून त्यांनी ट्रायचा सपाटा लावला. १९५३ च्या लष्करी चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी एकट्याने सहा ट्राय केले. उत्तरेतल्या लीग क्लबांची माणसे अशा बातम्यांवर घारीसारखी नजर ठेवून असत. १९५३ च्या मार्चमध्ये विगनचे अधिकारी कार्डिफमध्ये बॉस्टन कुटुंबाच्या घरी येऊन बसले.

बॉस्टन यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकिकत अशी. पाहुण्यांनी एक हजार पौंडांच्या नोटा टेबलावर मांडल्या. मुलाला जायचे नव्हते आणि आईलाही पाठवायचे नव्हते. पाहुण्यांना वाटेला लावावे म्हणून आईने सांगितले, की तीन हजार देत असाल तर तो सही करील. एवढी रक्कम हे देणार नाहीत, अशी तिची खात्री होती. पाहुण्यांनी तीन हजार दिले. शब्द दिला गेला होता, त्यामुळे सही करावी लागली.

त्या काळी ब्रिटनमधल्या कामगाराची आठवड्याची सरासरी कमाई साधारण नऊ पौंडांच्या आसपास होती. म्हणजे अकरा मुलांच्या त्या घरातल्या टेबलावर एका कामगाराची सहा वर्षांची कमाई पडली होती. आणि त्या सहीबरोबर कार्डिफ आणि वेल्सकडून खेळण्याचा रस्ता, अठरा वर्षांच्या मुलासाठी, जन्मभराचा बंद झाला.

मग ते केवळ पैशासाठी गेले का?

हा आक्षेप वेल्समध्ये पिढ्यानपिढ्या घेतला गेला. ‘उत्तरेला गेला’ एवढे दोन शब्द तिथे पुरेसे असत आणि त्यात फितुरीचा सूर असे. आक्षेपामागची भावना खोटी नव्हती. इंग्लंडच्या दक्षिणेत युनियन हा सुखवस्तू वर्गाचा खेळ असला, तरी वेल्समध्ये तो खाणकामगारांचा आणि पोलादाच्या कारखान्यांत राबणाऱ्यांचाच खेळ होता. गावाने वाढवलेला चांगला खेळाडू परक्या गावाने पैसे मोजून नेला, की गावाला ते लागे. पण नेमक्या याच कारणाने वेल्सच्या खेळाडूंना हा मोह टाळणे सर्वांत कठीण जाई. खेळून एक पैसाही मिळत नाही आणि सोमवारी पहाटे खाणीत उतरायचे आहे, अशा तरुणाने तत्त्वासाठी घराची सोय नाकारावी, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही.

बॉस्टन यांच्या बाबतीत आणखी एक कारण होते आणि ते कातडीच्या रंगाचे होते. टायगर बे आणि आसपासच्या वस्त्यांतून अनेक कृष्णवर्णीय खेळाडू उत्तरेला गेले आणि लीगमध्ये मोठे झाले. वेल्सच्या युनियन संघात मात्र पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९८० चे दशक उजाडावे लागले. निवड समितीच्या बैठकीत कोण काय बोलले, याचा कागद कोणी दाखवू शकणार नाही, परंतु ज्या वस्तीने एवढे गुणी खेळाडू दिले तिच्याकडे तीन दशके पाहिलेच जात नाही, याला योगायोग म्हणता येत नाही. म्हणून बॉस्टन यांनी दार सोडले असे म्हणताना, ते दार त्यांच्यासाठी किती उघडे होते, हेही विचारायला हवे.

लीग यातून पूर्ण सुटली होती असे समजण्याचेही कारण नाही. रॉय फ्रान्सिस हे वेल्सचेच कृष्णवर्णीय विंगर. ऑस्ट्रेलियातल्या वर्णभेदी धोरणामुळे १९४६ च्या ब्रिटनच्या लीग दौऱ्यातून त्यांना वगळले गेले. फरक असा, की पुढच्याच वर्षी ते ब्रिटनकडून खेळले आणि पुढे हल या क्लबाचे प्रशिक्षकही झाले. लीगमध्ये अडथळा होता, पण तो ओलांडता येत होता.

विगनमधली पंधरा वर्षे

बॉस्टन विगनच्या दुय्यम संघाकडून पहिल्यांदा उतरले, तो सामना पाहायला आठ हजारांहून अधिक लोक आले. मुख्य संघातला पहिला सामना नोव्हेंबर १९५३ मध्ये झाला. मुख्य संघाकडून केवळ सहा सामने खेळलेल्या या एकोणीस वर्षांच्या मुलाची १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी ब्रिटनच्या संघात निवड झाली. ब्रिटनच्या लीग संघाबरोबर अशा दौऱ्यावर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. त्या दौऱ्यात त्यांनी ३६ ट्राय केले आणि दौऱ्याचा नवा विक्रम झाला.

ते नेमके खेळत कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. विंगरचे ढोबळ दोन प्रकार असतात. एक हुलकावणी देणारा आणि दुसरा धडक मारणारा. बॉस्टन सडपातळ मुलगा म्हणून आले होते आणि पुढे चांगले दणकट झाले, पण हुलकावणी त्यांनी गमावली नाही. त्यामुळे समोरच्या बचावपटूची मोठी पंचाईत होई. तो जागा सोडून मागे राहिला, तर बॉस्टन पावलांचा ठेका बदलून आतल्या किंवा बाहेरच्या बाजूने निघून जात. अंगावर आला, तर मोकळा हात त्याच्या छातीवर टेकवून त्याला ढकलून देत, किंवा सरळ खांद्याने भिडत. या पकडीच्या क्षणाआधी त्यांना धावायला चार पावलांची जागा लागत असे, आणि ती काढून देणारा माणूस विगनला लाभला. एरिक ॲश्टन हे त्यांच्या आतल्या बाजूला खेळत. स्वतःकडे बचावपटू ओढून घेऊन, योग्य त्या क्षणी चेंडू सोडण्यात त्यांची हातोटी होती. उजव्या कडेची ही जोडी त्या काळातल्या सर्वोत्तम जोड्यांपैकी एक मानली जाते.

१९५८, १९५९ आणि १९६५ मध्ये विगनने वेम्ब्लीवर चॅलेंज कप जिंकला, १९६० मध्ये अजिंक्यपदही मिळवले. त्याच वर्षी बॉस्टन विश्वचषक जिंकणाऱ्या ब्रिटनच्या संघात होते. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातला विश्वचषक संपल्यावर ब्रिटन आणि फ्रान्सचे संघ परतीच्या वाटेवर दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळायला थांबले. तिथे वर्णभेदाचे कायदे लागू होते. बॉस्टन त्या देशात न जाता थेट घरी परतले. खेळाच्या जगात दक्षिण आफ्रिकेवरचा बहिष्कार रुजायला तेव्हा पुष्कळ वर्षे होती.

१९६८ मध्ये त्यांनी विगन सोडले, तेव्हा क्लबासाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय त्यांच्या नावावर होते. ब्रिटनकडून ३१ कसोटींत २४, आणि एकूण कारकिर्दीत ५७१. लीगच्या इतिहासात याहून अधिक ट्राय एकाच खेळाडूचे आहेत, वॉरिंग्टनचे ऑस्ट्रेलियन विंगर ब्रायन बेव्हन यांचे ७९६.

‘लीगमध्ये ट्राय स्वस्त असतात’ हे खरे का?

युनियनप्रेमी माणूस इथे म्हणेल, की तेरा खेळाडूंच्या मोकळ्या खेळात ट्राय होणारच. यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. जागा अधिक, सामनेही अधिक. शिवाय आज युनियनमध्ये ट्रायचे पाच आणि लीगमध्ये चार गुण मिळतात, तर त्या काळी दोन्हीकडे तीनच मिळत, म्हणजे तुलनेला गुणांचा आधारही राहत नाही. परंतु लीगमधल्या इतर शेकडो विंगरांनाही तेच नियम आणि तीच मोकळी जागा उपलब्ध होती, आणि त्या सर्वांत बॉस्टन यांच्या पुढे एकच जण आहे. दोन खेळांतले आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्याच खेळातल्या लोकांशेजारी उभे करणे अधिक योग्य.

भिंत पडली तेव्हा काय झाले?

ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसमधल्या बैठकीत जागतिक संघटनेने युनियनमध्ये पैसे देण्या-घेण्यावरची बंदी उठवली आणि हडर्सफील्डच्या बैठकीनंतर बरोबर शंभर वर्षांनी लीगच्या खेळाडूंना युनियनचे दार उघडले. पुढच्याच मे महिन्यात विगन आणि बाथ या दोन कोडांतल्या बलाढ्य क्लबांनी एकमेकांशी दोन सामने खेळले. लीगच्या नियमांनी विगनने ८२-६ असा धुव्वा उडवला, युनियनच्या नियमांनी बाथने ४४-१९ अशी परतफेड केली. दोन खेळ किती वेगळे झाले आहेत, हे या दोन निकालांइतके स्वच्छ क्वचितच दिसले असेल.

त्या विगन संघातला जेसन रॉबिन्सन हा लीड्समध्ये वाढलेला विंगर २००० मध्ये सेल या युनियन क्लबाकडे येऊन कायमचा युनियनमध्ये आला. त्याची पावले अतिशय छोटी आणि झपाट्याची, दोन्ही पायांवरून सारखीच हुलकावणी. २००१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत, सामन्याच्या सुरुवातीच्या मिनिटांतच, त्याने डाव्या कडेच्या चिंचोळ्या पट्टीत ऑस्ट्रेलियाच्या ख्रिस लेथमला आत वळण्याचा आभास दाखवला आणि बाहेरून निघून जाऊन ट्राय केला. लीगमध्ये मुरलेले ते कौशल्य युनियनला नवे होते.

२००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याकडे तर कोड बदलण्याच्या दृष्टीने मुद्दाम पाहायला हवे. ऑस्ट्रेलियाचे दोन्ही विंगर, लोटे तुकिरी आणि वेंडेल सेलर, लीगमधून आलेले. सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू, म्हणजे फुलबॅक, मॅट रॉजर्सही तिथलाच. सामन्यात दोनच ट्राय झाले. पहिला तुकिरीने केला, उंच लाथाडलेला चेंडू रॉबिन्सनच्या डोक्यावरून झेलून. दुसरा रॉबिन्सनने, स्वतःची उजवी कड सोडून डाव्या कोपऱ्यापर्यंत येऊन. युनियनच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातले दोन्ही ट्राय लीगने घडवलेल्या विंगरांनी केले. दोन्ही संघांचे बचावाचे प्रशिक्षक, इंग्लंडचे फिल लार्डर आणि ऑस्ट्रेलियाचे जॉन मगल्टन, हेही लीगचेच. सलग रांगेने पुढे येऊन प्रतिस्पर्ध्याची जागा खाण्याची आजच्या युनियनची बचावपद्धत मोठ्या प्रमाणात लीगमधून आली आहे. शंभर वर्षे जे दार बंद ठेवले, त्यामागे किती ज्ञान अडकून पडले होते, याची कल्पना यावरून येते.

पुढच्या वर्षी रॉबिन्सन इंग्लंडच्या युनियन संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. लीगमध्ये हीच गोष्ट १९७२ मध्येच घडून गेली होती. कार्डिफचेच विंगर क्लाइव्ह सलिव्हन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनने त्या वर्षी विश्वचषक जिंकला होता.

मग वेग असलेला कोणीही कोड बदलू शकतो का?

नाही. २०१४ मध्ये लीगमधला अव्वल खेळाडू सॅम बर्जेस बाथकडे आला आणि वर्षभरात युनियनच्या विश्वचषकात इंग्लंडकडून खेळला. संघ साखळीतच बाद झाला आणि बर्जेस लीगमध्ये परतला. गुणवत्तेत तो तसूभरही कमी नव्हता. अडचण जागेची होती. बाथने त्याला पुढच्या फळीत खेळवले आणि इंग्लंडने मध्यभागी. या जागांवर पाडापाडीनंतरच्या झुंबडीत शिरायचे की बाहेर राहायचे, याचा निर्णय क्षणाक्षणाला घ्यावा लागतो आणि तो अंगवळणी पडायला वर्षे लागतात. विंगरला असे निर्णय तुलनेने कमी घ्यावे लागतात. समोरासमोर एकाला चकवणे, उंच चेंडू झेलणे, कडेची रेषा सांभाळणे, ही त्याची कामे दोन्हीकडे बरीचशी सारखी आहेत. त्यालाही एक जुनी सवय मात्र मोडावी लागते. लीगमध्ये एकट्याने धावून पकडले गेले, तरी चेंडू आपलाच राहतो. युनियनमध्ये सहकारी वेळेत पोहोचले नाहीत, तर तो हिसकावला जातो किंवा धरून ठेवल्याबद्दल दंड होतो. लीगमधून आलेल्या विंगरला कधी धावू नये, हे शिकावे लागते.

हा प्रवाह आजही वाहतो आहे. सिडनीच्या लीग क्लबातून आलेला एकवीस वर्षांचा जोसेफ सुआली नोव्हेंबर २०२४ मध्ये व्यावसायिक युनियनचा एकही सामना न खेळता थेट ऑस्ट्रेलियाच्या संघातून लंडनच्या ट्विकनम मैदानावर उतरला, आणि ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ४२-३७ असे हरवले. त्याच्यासाठी मोजलेल्या रकमेवर ऑस्ट्रेलियात वाद झाले, मात्र तो उद्या परत लीगमध्ये गेला तर त्याला अडवणारे कोणी नाही. बॉस्टन यांना ही मोकळीक कधीच मिळाली नाही. कार्डिफ बंदराच्या परिसरात २०२३ मध्ये त्यांचा, सलिव्हन यांचा आणि गस रिसमन यांचा एकत्र पुतळा उभारला गेला. हे तिघेही कार्डिफचे आणि तिघेही लीगमध्ये मोठे झालेले. वेल्सच्या युनियन संघाकडून यांतला एकही जण कधी खेळला नाही.